हात द्यायचा राहिला

दक्षिण नाका, ९ नोव्हेंबर

नोमुन,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. एका परीनं बरंच झालं. फोनवर मी ओरडते आणि तू फोन ठेवतेस. कागदावर ओरडता येत नाही, आणि तू तो अर्ध्यात टाकून दिलास तरी मला कळणार नाही.

मला नाक्यावर अडकवून ठेवलंय. आजारी वगैरे नाही, घाबरू नकोस. घाबरणार नाहीसच म्हणा. कोळसा भरून नेहमीसारखी रांगेत लागले होते. सरहद्दीपलीकडे तुमच्या वखारीत माल उतरवायचा आणि मागं फिरायचं, एवढंच काम. तपासणीच्या शेडमध्ये जमिनीवर पिवळे गोल काढलेत, एका गोलात एक माणूस. माझा ताप मोजला, तो बरोबर निघाला. चेहरा ओळखपत्राशी जुळवायला मास्क खाली घ्यावा लागतो. तो मी घेतला, आणि टेबलामागचा कारकून म्हणाला, "जरा मागं सरा." मी सरले. माझा बूट मागच्या म्हाताऱ्याच्या पायावर पडला.

आता यात माझं काय चुकलं ते तूच सांग. पायावर पाय पडला तर आपण काय करतो? हात देतो. दुसरं काही मनात यायच्या आत देतो. नाही दिला तर त्या माणसाशी वैर राहतं, हे तुला मी चालायला शिकवलं तेव्हाच शिकवलंय. मी वळले, हातमोजा काढला. त्यानंही काढला. हातात हात दिला. म्हाताऱ्याचं नाव दाम्बा, त्याचाही कोळशाचा ट्रक. त्याचं तेवढ्यानं भागेना. त्यानं मास्क खाली केला, अंगरख्यातून तपकिरीची दगडी कुपी काढली आणि पुढे केली. वडीलधाऱ्यानं कुपी पुढे केल्यावर नाही म्हणायचं का? मी हुंगून परत दिली, मग त्यानं हुंगली. अगदीच टाकाऊ तपकीर. वास म्हणून नाही.

तेवढ्यात शिट्टी वाजली. खांदसुरेन म्हणून इथली डॉक्टर आहे, तुझ्याच वयाची, पण आवाज फौजदाराचा. "अहो मावशी! अहो आजोबा! इथं लग्न लावताय का?" सगळी रांग खो खो हसली. मग कुणी हसेना, कारण नियम असा आहे की रांगेत हात लावला की दोघंही बाजूला.

तर मी बाजूला आहे. कंटेनरचे कप्पे करून खोल्या केल्यात. एका कप्प्यात मी, पलीकडच्यात दाम्बा, मध्ये पत्रा. दार बाहेरून उघडतं. खिडकीतून रस्ता दिसतो, आणि ज्यांच्या मागे मी उभी होते ते ट्रक तुझ्याकडे जाताना दिसतात. आपलीच गाडी बाजूला थंड पडलेली बघत बसायचं.

कागद इथून बाहेर जाऊ देत नाहीत. माझा फोन बटणांचा, त्यात फोटो निघत नाही. मी पानं काचेला लावते आणि खांदसुरेन पलीकडून फोटो काढून तुझ्या नवऱ्याला पाठवते. म्हणजे आधी ती वाचणार, मग तो वाचणार, उरलं तर तू. म्हणून फार काही लिहीत नाही.

तुझे दिवस भरत आलेत असं ऐकलं. कुणाकडून ते विचारू नकोस. उताणी झोपू नकोस.

आई


१३ नोव्हेंबर

नोमुन,

तुझ्याकडून काही आलं नाही. येईल अशी आशाही नव्हती.

आमचे पहिल्या दिवसाचे नमुने गावच्या प्रयोगशाळेत नेताना वाटेत गोठले. गोबीतल्या थंडीत काचेच्या नळ्या गाडीच्या मागे टाकल्यावर दुसरं काय होणार? पुन्हा नाकात काडी घातली. पुन्हा वाट बघणं आलं.

दाम्बा खोकतोय. परवापासून. आधी मला वाटलं म्हातारा उगाच लक्ष वेधून घेतोय. दिवसभर आम्ही पत्र्यातून बोलतो, तोच एक उद्योग आहे. मी म्हटलं, "ती सडकी तपकीर ओढून ओढून छाती गेली तुमची."

"सडकी?" म्हातारा उसळला. "अगं बाई, दहा जणांत कुपी उघडली तर दहाही जण शिंकतात! माझ्या बायकोनं त्या वासापायी मला घराबाहेर झोपवलं होतं एक हिवाळा."

"मला तर काही लागला नाही वास."

"मग नाक तपासून घे," तो म्हणाला, आणि खोकत बसला.

मी चुलीत कोळसा सारत बसले.

बाहेर रांग थांबवलीय. ट्रकवाले शेकोटीपाशी उभे राहून आमच्या कंटेनरकडे बोट दाखवतात. काल एकानं ओरडून विचारलं, "ए दाम्बा, कुठून आणलीस रे ही घाण? तुझ्यामुळे आम्ही केबिनमध्ये गोठतोय!" दाम्बानं खिडकीपाशी जाऊन हात जोडले. खरंच जोडले. मला ते बघवलं नाही, मी पडदा ओढून घेतला.

खांदसुरेन रोज विचारते, "मावशी, इथं यायच्या आधी ताप, अंगदुखी, काही होतं?" मी म्हणते, नाही. ती लिहून घेते. माझ्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघते असं मला वाटतं, पण तिच्या तोंडावर तर नुसती काच आणि कापड, कळणार काय?

ही खोली फार लहान आहे. उभं राहिलं की डोकं दिव्याला लागतं, बसलं की गुडघे चुलीला. सगळं आयुष्य उघड्या माळावर गेलं माझं. इथं रस्ता दिसतो पण वारा लागत नाही, ते मला सोसत नाही.

तुझ्या नवऱ्याला सांग, पत्र पोचलं एवढं तरी कळव.

आई


१७ नोव्हेंबर

नोमुन,

दोघांनाही लागण झालीय. दाम्बाला आणि मला. मी धडधाकट आहे, जेवते, भांडते. दाम्बाला धाप लागते.

तुझ्या नवऱ्याचं उत्तर आलं. खांदसुरेननं फोन काचेला लावून दाखवलं. "पत्रं पोचली. ती वाचते. बोलत नाही." बरं. वाचतेस ना, मग वाच.

दोन वर्षांपूर्वी तू निघालीस त्या दिवसाचं मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. तुझा चोग्तू बाहेर गाडी चालू करून उभा होता. आपलं भांडण चालू होतं. मी काय काय बोलले ते तुला आठवतंय, मी इथं लिहीत नाही, काचेपलीकडे माणसं आहेत. तू दाराकडे वळलीस, आणि तुझा पाय माझ्या पायावर पडला. चांगला टाचेसकट. तू खाली बघितलंस. मी हात पुढे करायला तयार होते. आधी तू करायचास, कारण पाय तुझा होता. तू हाताकडे बघितलंस आणि निघून गेलीस.

माझ्या दुसऱ्या हातात दुधाची पळी होती, तुला दिसली नसेल. एवढं भांडूनही मी दूध काढून ठेवलं होतं, जाणाऱ्याच्या मागे शिंपडायला. तू हात दिला नाहीस म्हणून मी जागची हलले नाही, आणि मी हलेपर्यंत गाडी टेकडीच्या मागे गेली होती. त्या दुधाचा मी चहा केला. मीठ घालून एकटीनं प्यायले. दोन दिवस पोटात दुखलं.

तेव्हापासून मला वाटतं, आपल्यात जे काही आहे ते त्या पायामुळे आहे. तू शिकलेली आहेस, तू हसशील. हस.

दाम्बा रोज सकाळी पत्र्यावर टकटक करतो. "नोर्जमा, झोपलीस का गं नीट? माझ्यामुळे अडकलीस तू. मी कुपी काढलीच नसती तर... पण सवय गं, हात आपोआप जातो." मी म्हणते, असू दे, दाम्बाभाऊ. तो म्हणतो, "तुझं मन मोठं आहे."

त्यानं असं म्हटलं की मी जेवण बाजूला सारते.

आई


२० नोव्हेंबर

नोमुन,

आज दाम्बाला घेऊन गेले. ओठ निळे पडले होते. स्ट्रेचरवरून माझ्या खिडकीखालून जाताना त्यानं हात वर केला आणि ऑक्सिजनच्या मास्कमधून काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही. ट्रकवाले बघत होते. एकाही माणसानं टोपी काढली नाही. एक जण थुंकला.

म्हणून आता लिहिते. खांदसुरेन, तूही वाच, आणि नीट फोटो काढ.

आजार दाम्बानं आणला नाही. मी आणला. नाक्यावर यायच्या आधी दोन दिवस मला ताप होता. अंग मोडून आलं होतं. खाणीपाशी मला निरोप मिळाला, की तुझे दिवस भरलेत, आणि तू माझं नाव काढत नाहीस, पण झोपेत काढतेस. तेवढं ऐकल्यावर मी थांबणार होते का? रांगेत माझा नंबर लागायच्या आधी मी तापाच्या गोळ्या घेतल्या. कपाळ गार झालं, यंत्र फसलं. दाम्बाची तपकीर सडकी नव्हती. मला आदल्या दिवसापासून कसलाच वास येत नव्हता. वाळक्या दह्याचं आरूल तोंडात ठेवलं तर खडू चघळल्यासारखं लागत होतं. मला कळलं होतं, पोरी. न कळण्याइतकी मी भोळी नाही.

आणि अजून एक. तुमच्या वखारीत आम्हाला केबिनमधून उतरू देत नाहीत, दाराला सील लावतात, हे जगाला माहीत आहे. माझं सील कुणीतरी थोडा वेळ काढणार होतं. मागच्या खोलीत तू बसलेली असणार होतीस. तुला ते ठाऊकही नव्हतं. कोण काढणार होतं ते मी लिहिणार नाही, आणि वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ते विचारूही नये. मी ठरवलं होतं की आत यायचं, एक शब्द बोलायचा नाही, तुला नुसतं पोटाशी धरायचं. तुझ्या केसांचा वास घ्यायचा. वास येत नव्हता तरी घ्यायचा.

इथं पडल्या पडल्या मी रोज तेच बघते. मी आत येते, तुला धरते, तुझ्या तोंडाजवळ तोंड नेते. मग दाम्बाचे ते निळे ओठ मला तुझ्या तोंडावर दिसतात. पोटात पोर असताना. मी कारकुनानं सांगितलं तेव्हा थोडी कमी सरले असते तर पाय पडला नसता, शिट्टी वाजली नसती, आणि मी सरळ तुझ्यापर्यंत पोचले असते. एका म्हाताऱ्याच्या पायानं मला अडवलं. आणि मी त्याला रोज सकाळी माफी मागू दिली.

मला फार लाज वाटते. त्याहून जास्त भीती वाटते, आता तो जगतो की नाही याची. ही खोली आता माझ्याच मापाची वाटते.

आई


२२ नोव्हेंबर

नोमुन,

परवा मी पानं काचेला लावली. खांदसुरेननं फोन वर धरला, वाचलं, फोन खाली घेतला. पुन्हा वाचलं.

"मावशी," ती म्हणाली, "हे तुमच्या मुलीला पाठवू, की वर कळवू?"

"दोन्ही कर."

"परवाना जाईल तुमचा. पुढच्या फेऱ्या बंद. तिकडं जाणं लांबेल."

"माहीत आहे."

तिनं एकेका पानाचा फोटो काढला. मग म्हणाली, "मी रोज विचारत होते तुम्हाला. रोज. निदान त्या आजोबांना औषध तरी लवकर मिळालं असतं." तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्त लागलं.

तिनं बाहेर जाऊन रांगेत सगळ्यांना सांगितलं की दाम्बा नव्हे, मी. संध्याकाळपर्यंत माझ्या पत्र्यावर कोळशाचे खडे येत होते. मी पडदा ओढला नाही.

आज सकाळी तिनं फोन पुन्हा काचेला लावला. चोग्तूनं लिहिलं होतं, "मुलगी झाली. दोघी सुखरूप." मी म्हटलं, पुन्हा दाखव. तिनं दाखवलं. मी म्हटलं, अजून एकदा. "मावशी, बॅटरी संपतेय," म्हणाली, पण धरून ठेवला.

नाव काय ठेवलंत? कुणावर गेलीय? नाक चोग्तूचं नसलं म्हणजे मिळवली. हे खोडायचं होतं, पण जाऊ दे, त्यालाही कळू दे मी बरी होतेय.

दाम्बाचा ऑक्सिजन अजून चालू आहे.

आई


वखारीत, केबिनमधून, १८ डिसेंबर

नोमुन, माझ्या पोरी,

हे पत्र काचेपलीकडून तुझा नवरा फोटोत टिपून घेईल. तो खाली थांबलाय, पाय आपटतोय थंडीनं. थांबू दे जरा.

परवाना गेला होता, तो परत मिळाला, तो कसा ते आधी सांगते. दाम्बा हॉस्पिटलमधून सुटला. माणूस अर्धा उरलाय, काठी घेऊन चालतो. नाक्यावर येऊन त्यानं साहेबांसमोर माझी बाजू घेतली. मी खाली मान घालून उभी. त्यानं काठीनं माझ्या बुटाला टोचलं. "हिनं माझ्या तपकिरीला सडकी म्हटलं होतं," तो साहेबांना म्हणाला. "आता सगळ्या नाक्याला कळलंय की खोट हिच्या नाकात होती. माझा हिशेब फिटला, तुमचा तुम्ही बघा." मी रडले. सगळ्यांसमोर रडले, आणि त्याच्या पाया पडायला वाकले तर म्हणतो, "लांबून, बाई, लांबून!"

या वेळी ताप नाही, गोळ्या नाहीत. सगळं खरं सांगून आले. दाराला सील आहे आणि ते कुणी काढणार नाही. मीच सांगितलंय.

वखारीत सगळे पांढरे झगे, माणूस ओळखू येत नाही. पण पाठीवर काळ्या शाईनं नावं लिहिलेली असतात. तुमच्याकडची उभी लिपी मला अडखळत वाचता येते. चाकांवर औषध फवारणाऱ्याच्या पाठीवर मी एकेक अक्षर लावत गेले, आणि चोग्तू निघाला. दोन वर्षं मी ज्याला जेवताना शिव्या घातल्या तो माझ्या गाडीची चाकं धूत होता. नीट धूत होता, आतल्या बाजूनंसुद्धा. शेवटचं चाक झालं तशी त्यानं नळी वर धरली आणि तीनदा आकाशाकडे फवारा उडवला. माझ्या गाडीच्या मागे. दूध नव्हतं, औषध होतं. त्याचा हात कसा फिरला ते मी आरशात बघितलं, आणि त्या दिवशीची माझ्या हातातली भरलेली पळी मला आठवली.

मग त्यानं लांब बांबूला लावलेली टोपली खिडकीशी आणली. आत तळलेले कणकेचे तुकडे होते, तू करतेस तसे एका बाजूनं करपलेले. त्यांच्या खाली घडी केलेला कागद. आम्हाला देतात त्या प्रत्येक वस्तूवर फवारा मारतात, तसा त्यावरही मारलेला, ओला होता. मला वाटलं पत्र असेल. दोन वर्षांचं सगळं सुनावलं असशील म्हणून मी आधी उघडलाच नाही. इंजिन बंद केलं, मग उघडला.

एक अक्षर नाही. तू हात कागदावर ठेवून पेनानं भोवती रेघ ओढलीस. करंगळीपाशी रेघ हललीय. पोर मांडीवर असेल.

मी हातमोजा काढला आणि माझा हात त्यावर ठेवला, आणि बराच वेळ ठेवला. तुझी बोटं माझ्याहून लांब झालीत, हे मला माहीत नव्हतं. उचलला तेव्हा तुझी ओली निळी रेघ माझ्या तळव्यावर उमटली होती. मी ढसाढसा रडले. चोग्तू खालून "आई, काय झालं? आई!" असं ओरडत होता. मी त्याला हात दाखवला. त्यानं तोंड फिरवलं.

परत जाताना नाक्यावर खांदसुरेन म्हणेल, हात पुढे करा. मी दोन्ही करीन. ती औषध ओतेल, शाई निघून जाईल. जाऊ दे. आता त्या बाईशी मी खोटं वागणार नाही.

पण ही दारं एक दिवस उघडतील. त्या दिवशी तू वखारीच्या फाटकापाशी ये, पोरीला कडेवर घेऊन. काही बोलायचं नाही, समजावायचं नाही. सरळ पुढे ये आणि माझ्या पायावर पाय दे. चांगला टाचेसकट दे. पुढचं मला येतं.

तुझी आई